कोब्यावर लाकडी जमीन : निवड, बसवणी आणि निगा

ऊनसावली

तळमजल्यावरील दोन खोल्यांमध्ये लाकडी जमीन करण्याचे आम्ही ठरवत आहोत. जुनी फरशी काढून झाली असून खाली काँक्रीटचा कोबा आहे. फरशी उखडताना पडलेले खड्डे सिमेंटने नुकतेच भरून घेतले आहेत. मोठ्या खोलीला पश्चिमेची रुंद खिडकी असल्यामुळे दुपारनंतर तेथे थेट ऊन पडते. घरात एक लहान मूल आणि एक मोठा कुत्रा आहे, त्यामुळे धावपळ, सांडलवंड आणि नखांचे ओरखडे हे रोजचेच राहणार.

विक्रेत्यांकडे गेल्यावर बोलणे फार लवकर रंगावर येते. मला त्याआधीचे प्रश्न समजून घ्यायचे आहेत. अखंड लाकडाची फळी घ्यावी, प्लायवूडच्या गाभ्यावर लाकडाचा थर असलेली इंजिनिअर्ड फळी घ्यावी, की लॅमिनेट घ्यावे? फळ्या कोब्याला चिकटवाव्यात की तरंगत्या, म्हणजे कोब्याला न चिकटवता फक्त एकमेकींत अडकवून, ठेवाव्यात? वरून पॉलियुरेथेन लावावे की तेल? ज्यांनी हे काम केले आहे किंवा करून घेतले आहे त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती. नुसता कौल मिळाला तर त्यावरून आमच्या घराचा निर्णय घेणे कठीण जाईल.

रंधा

ताई, तुमच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न राहिला आहे आणि बाकीच्या सगळ्यांची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत: कोब्यात ओल किती आहे? ती मोजल्याशिवाय फळी निवडू नका, आणि फळी निवडल्याशिवाय रंगाकडे वळू नका.

लाकूड वाळवून, रंधून, पॉलिश करून झाले तरी हवेतील बाष्प घेणे आणि सोडणे थांबवत नाही. सर्वसाधारण तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातील ओलावा हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ५० टक्क्यांना तो ९ च्या आसपास असतो आणि ८० टक्क्यांना १६ च्या आसपास पोहोचतो. या चढउतारात फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही. रुंदी मात्र बदलते. ओकची नेहमीच्या पद्धतीने चिरलेली १२० मिलिमीटर रुंद फळी घेतली आणि तिच्यातील ओलावा ७ वरून १२ टक्क्यांवर गेला, तर ती सुमारे २ मिलिमीटरने रुंदावते. त्याच मापाची सागाची फळी साधारण १ मिलिमीटरने रुंदावते. एका फळीचे २ मिलिमीटर किरकोळ वाटतात, परंतु खोलीच्या रुंदीत अशा ३० फळ्या एकमेकींना खेटून बसतात. त्यांना जागा मिळाली नाही तर त्या एकमेकींना रेटतात आणि शेवटी कोब्यापासून उचलल्या जातात.

दुकानात फळी हातात घेतली की तिचे टोक पाहण्याची सवय लावून घ्या. वाढीची वलये फळीच्या रुंदीवर कमानीसारखी आडवी पसरलेली असतील तर ती फळी जास्त हलणार आणि ओल एका बाजूने आली की वाटीसारखी वाकणार. तीच वलये जाडीच्या दिशेने, उभ्या रेघांसारखी एकाशेजारी एक दिसली, तर तिची हालचाल साधारण निम्मी असते. ओकच्या अशा उभ्या चिरलेल्या फळीवर मज्जाकिरणांचे, म्हणजे खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या रांगांचे, चकाकणारे पट्टे उमटतात. काही जणांना ते डाग वाटतात, पण ते चांगल्या चिरकामाचे लक्षण आहे. त्याच टोकाशी फिकट रंगाचा रसकाष्ठाचा (सालीलगतच्या लाकडाचा) पट्टा किती आहे तेही पाहावे, कारण लाकडाचे पीठ करणारे काही किडे रसकाष्ठातील पिष्टावरच जगतात आणि मध्यकाष्ठाला, म्हणजे आतल्या गडद लाकडाला, सहसा तोंड लावत नाहीत.

आता तिन्ही प्रकारांविषयी. अखंड फळी साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड असते. इंजिनिअर्ड फळीत प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची हालचाल दुसरा थर रोखून धरतो आणि फळी रुंदीत पुष्कळ कमी बदलते. कोब्यावर, विशेषतः तळमजल्यावर, मी हीच सुचवीन. मात्र वरच्या लाकडी थराची जाडी विचारा. हा थर एक मिलिमीटरहून कमी असेल तर तो पुढे कधीही घासता येणार नाही; ३ ते ४ मिलिमीटर असेल तर एकदा किंवा दोनदा व्यवस्थित घासता येतो. अखंड फळी कितीही वेळा घासता येते असे सांगितले जाते, ते खरे नाही. शेजारची फळी अडकवण्यासाठी तिच्या कडेला कोरलेल्या खाचेच्या वर जेमतेम ६ मिलिमीटर लाकूड असते आणि तेवढेच उपयोगाचे. म्हणजे वर ६ मिलिमीटरचा थर असलेली इंजिनिअर्ड फळी आणि २० मिलिमीटरची अखंड फळी यांचे घासण्याच्या हिशेबातले आयुष्य जवळपास सारखेच आहे.

लॅमिनेटमध्ये वर लाकूड नसते. दाबून केलेल्या तंतूंच्या घट्ट पाटावर लाकडाचे छापील चित्र असते आणि त्यावर मेलामाइनचा कठीण थर असतो. त्याचा टिकाऊपणा एसी १, एसी २ अशा वाढत्या श्रेणींत सांगतात. ओरखडे ते चांगले सोसते, पण एकदा झिजले की घासून नवे करता येत नाही.

काटकोन

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो, म्हणून रंधा यांच्या मुद्द्याची कोब्याकडील बाजू मांडतो.

जमिनीवर टेकलेला कोबा वरूनच वाळतो. त्याचा पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो, तेव्हाही खालच्या भागात पुष्कळ ओल शिल्लक असू शकते. कोबा उघडा असतो तोवर वर आलेले बाष्प हवेत निघून जाते. त्यावर जमीन बसवली की ही वाट बंद होते आणि काही काळाने खालची ओल वरपर्यंत सारखी पसरते. बसवताना उत्तम दिसलेली जमीन काही महिन्यांनी वाकते, त्यामागे बहुधा हे कारण असते. म्हणून पृष्ठभागाला टेकवून मोजणाऱ्या यंत्राचा आकडा एवढ्या निर्णयाला पुरत नाही. कोब्यात छिद्र पाडून त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर आर्द्रतामापक ठेवायचे, छिद्र बंद करायचे आणि किमान २४ तासांनी वाचन घ्यायचे, अशी पद्धत एएसटीएम एफ २१७० या अमेरिकी मानकात दिली आहे. लाकडासाठी ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी धरतात. तुमच्या फळीचा आणि गोंदाचा उत्पादक याहून वेगळी मर्यादा देत असेल तर जी कडक असेल ती पाळावी.

प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी कोब्याला चिकटवून दुसऱ्या दिवशी पाहण्याची जुनी रीत करून पाहायला हरकत नाही. खाली थेंब जमले किंवा कोबा काळवंडला तर ओल आहे हे निश्चित समजावे. थेंब दिसले नाहीत म्हणून कोबा कोरडा आहे असे मात्र समजू नये.

तुम्ही नुकत्याच भरलेल्या खड्ड्यांचे वाचन स्वतंत्रपणे घ्या. सिमेंटचा थर ५० मिलिमीटरपर्यंत असेल तर चांगल्या हवेत प्रत्येक मिलिमीटरला साधारण एक दिवस धरतात, आणि त्यापुढील जाडीला त्याहून जास्त वेळ लागतो. भोवतालचा जुना कोबा वर्षानुवर्षे वाळलेला आणि मध्येच एक ओला तुकडा, अशी स्थिती असेल तर त्या तुकड्यावरच्याच चारदोन फळ्या वाकतात आणि कारण शोधता शोधता सगळे हैराण होतात.

घर जुने असेल तर कोब्याखाली ओल अडवणारा पडदा घातलेला असेलच असे नाही. पडदा नसेल तर कितीही थांबलात तरी आकडा खाली येणार नाही, कारण ओल जमिनीतून सतत वर येत राहते. अशा वेळी कोब्यावर इपॉक्सीचा ओलरोधक लेप लावावा लागतो. वाळवीसाठीचा उपचारही याच टप्प्यावर करून घ्या. कोब्याच्या भेगा आणि भिंतीलगतची फट या तिच्या वर येण्याच्या वाटा आहेत, आणि जमीन बसल्यानंतर त्या दिसतही नाहीत.

सपाटीबद्दल एक खुलासा करतो. जमीन सपाट असणे आणि पाणसळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोलीला एका बाजूला किंचित उतार असेल तर लाकडाचे काही बिघडत नाही. उंचवटे आणि खळगे मात्र चालत नाहीत. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी कोब्यावर सगळ्या दिशांनी फिरवून पाहा. पट्टीखाली कोठेही ३ मिलिमीटरहून अधिक फट राहता कामा नये. उंचवटा घासून काढावा आणि खळगा लेव्हलिंगच्या मिश्रणाने भरावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाईत हमखास टाळले जाते, पण पाय पडताच फळी दबून आवाज करते त्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

ऊनसावली

दोघांचे मनापासून आभार. छिद्रे पाडून वाचने घेतली. मोठ्या खोलीत दोन ठिकाणी ७१ आणि ७२ टक्के आले. लहान खोलीत जुन्या कोब्यावर ७३, पण भरलेल्या खड्ड्यावर ८८ आले. पृष्ठभागावर टेकवायच्या यंत्राने मात्र दोन्ही खोल्या कोरड्या ठरवल्या होत्या, त्यामुळे काटकोन यांचा सल्ला वेळेवर मिळाला. लहान खोलीचे काम आम्ही पुढे ढकलत आहोत.

आता लाकडाच्या जातीविषयी विचारते. कुत्र्याच्या नखांसाठी सर्वांत कठीण लाकूड घ्यावे, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. ते बरोबर आहे का?

सावरी

अर्धेच बरोबर आहे. लाकडी जमिनीच्या कठीणपणासाठी जांका चाचणीचा आकडा दिला जातो. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्ध्या व्यासापर्यंत रुतवायला किती बल लागते, ते या चाचणीत मोजतात. पौंडांमध्ये सांगायचे तर पांढऱ्या पाइनचा आकडा ३८० च्या आसपास, सागाचा हजाराच्या थोडा वर, लाल ओकचा १,२९०, पांढऱ्या ओकचा १,३६०, कठीण मेपलचा १,४५० आणि हिकरीचा १,८२० असतो. हा आकडा खड्ड्यांविषयी सांगतो: जड वस्तू पडली, खुर्चीचा पाय रुतला, टोकदार टाचेने दाब दिला, तर लाकूड किती दबेल. कुत्र्याचे नख मात्र बहुतेक वेळा लाकडापर्यंत पोहोचतच नाही, ते वरच्या लेपावर ओरखडा काढते. त्यामुळे हिकरीवर चकचकीत लेप दिला तर ओरखडे ठळक दिसतील आणि ओकवर मंद, बिनचमकेचा लेप दिला तर तेवढेच ओरखडे सहज नजरेत येणार नाहीत.

पोताचाही यात वाटा आहे. मेपल कठीण असले तरी त्याचे पोत बारीक आणि रंग एकसारखा असतो, त्यामुळे त्यावर लहानशी रेघही उठून दिसते. ओकच्या उघड्या रंध्रांमध्ये आणि ठळक रेषांमध्ये ती हरवते. मऊ भाग ब्रशने काढून पोत उठवलेली फळी मिळाली तर आणखी चांगले. गडद रंग दिलेल्या जमिनीवर ओरखडा पडला की खालचे फिकट लाकूड उघडे पडते. कुत्र्याच्या घरात मी नैसर्गिक रंगच ठेवीन. कुत्र्याची नखे वेळच्या वेळी कापणे हा उपाय कोणत्याही जातीच्या लाकडापेक्षा जास्त कामाचा आहे.

साग आणि ओक यांत निवडायचे झाल्यास एवढे लक्षात ठेवा: साग ओलाव्याबरोबर कमी हलतो आणि वाळवीला चांगला तोंड देतो, पण तो ओकपेक्षा मऊ आहे. शिवाय त्याच्यातील नैसर्गिक तेलामुळे गोंद आणि काही लेप नीट धरत नाहीत, म्हणून चिकटवण्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या द्रावकाने पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो.

मोहोर

येथे लॅमिनेटचा विचार जवळजवळ सोडूनच दिलेला दिसतो, म्हणून त्याच्या बाजूने थोडे लिहितो. मूल लहान आहे, कुत्रा आहे, पुढील काही वर्षे जमिनीचे हाल होणार हे ठाऊक आहे. अशा वेळी मेलामाइनचा कठीण पृष्ठभाग रोजच्या घासाघाशीला कोणत्याही लाकडी लेपापेक्षा अधिक टिकतो, उन्हाने त्याचा रंगही फारसा बदलत नाही, आणि मूल मोठे झाल्यावर ते उचलून तेथे खरे लाकूड घालता येते. घासून नवे करता येणे हा लाकडाचा गुण आहे, पण घासण्याचे काम घरभर धूळ आणि गैरसोय घेऊन येते, हेही हिशेबात धरावे.

रंधा

मोहोर, तुमचे म्हणणे लहान खोलीपुरते मला पटते. फक्त पाण्याबाबत सावध राहावे लागेल. सांडलेले पाणी किंवा कुत्र्याचे मूत्र लॅमिनेटच्या सांध्यात उतरले तर आतला पाट फुगतो, कडा वर येतात आणि वाळल्यावरही त्या पुन्हा खाली बसत नाहीत. खऱ्या लाकडाची फळी थोडी फुगली तरी ओल गेल्यावर बरीचशी पूर्ववत होते. ज्या घरात सांडलवंड लगेच पुसली जाते तेथे लॅमिनेट चांगले चालते.

आता बसवण्याविषयी. मोठ्या खोलीसाठी मी चिकटवण्याच्या बाजूने आहे. गोंद लवचीक हवा, एमएस पॉलिमर किंवा पॉलियुरेथेन जातीचा, म्हणजे लाकडाची थोडी हालचाल तो सोसू शकतो. पाण्यात मिसळलेला साधा सुतारकामाचा गोंद फळीला खालून ओल देतो, तो येथे वापरू नये. गोंद दातेरी थापीने पसरतात आणि दात किती खोल हवेत हे उत्पादक सांगतो. अधूनमधून नुकतीच बसवलेली फळी उचलून तिची पाठ पाहावी. गोंदाच्या उभ्या रेघा चपट्या होऊन पाठीवर सगळीकडे लागलेल्या दिसल्या पाहिजेत. मध्ये कोरडे पट्टे दिसले तर कोबा तेथे खोल आहे किंवा थापीचे दात झिजले आहेत, आणि दोन्ही गोष्टी तेव्हाच सुधारता येतात.

पहिली ओळ भिंतीला धरून लावू नये, कारण भिंती क्वचितच सरळ असतात. सूत ताणून रेघ मारावी आणि ओळ त्या रेघेवर बसवावी. त्याआधी खोलीची रुंदी फळीच्या रुंदीने भागून पाहावी. शेवटी दोन बोटांची चिंधी उरत असेल तर पहिली ओळही कापून दोन्ही कडा सारख्या कराव्यात. लागोपाठच्या ओळींतील टोकांचे सांधे एकमेकांजवळ येऊ देऊ नयेत, निदान फळीच्या दुप्पट रुंदीएवढे अंतर ठेवावे. तीन-चार खोकी एकदम उघडून फळ्या मिसळून घ्याव्यात, नाहीतर एका खोक्याचा रंग खोलीच्या एका कोपऱ्यात साचतो. भिंतीलगत १० ते १५ मिलिमीटर जागा सगळीकडे सोडावी, दाराच्या चौकटीपाशीही. चौकटीचा पाय तळाशी करवतीने कापून फळी त्याखाली सरकवली तर ही जागा दिसत नाही. स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, जमिनीला कधीही नाही.

फळ्या खोलीत आणून किती दिवस ठेवाव्यात, याचे ठरावीक उत्तर नाही. ज्या खोलीत रंगकाम आणि गिलावा अजून ओला आहे तेथे फळ्या ठेवल्या तर त्या उलट ओलावा शोषून बसतील. आधी खोली नेहमीच्या राहत्या स्थितीत आणावी, मग खोकी आणावीत, आणि मीटरने फळीतील ओलावा मोजून तो त्या घरात वर्षभर राहणाऱ्या पातळीच्या जवळ आहे याची खात्री करावी. इंजिनिअर्ड फळ्यांची खोकी काही उत्पादक बसवण्याच्या वेळेपर्यंत बंदच ठेवायला सांगतात. तसे असेल तर तसेच करावे.

तळपट्टी

चिकटवण्याबाबत माझे मत वेगळे आहे. तळमजल्याच्या कोब्यात ७२ टक्के म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळचा आकडा आहे. अशा ठिकाणी पॉलिथिनचा पडदा, त्यावर २ ते ३ मिलिमीटरचे अस्तर आणि त्यावर कुलूपबंद सांध्यांची तरंगती इंजिनिअर्ड जमीन अधिक सुरक्षित वाटते. पडद्याचे जोड एकमेकांवर चांगले चढवून टेपने बंद करावेत आणि कडा भिंतीवर थोड्या वर घ्याव्यात. खाली काही बिघडले तर जमीन उलगडून कोबा पाहता येतो. चिकटवलेली जमीन काढायची म्हणजे फळ्या फोडाव्या लागतात आणि कोबाही खरवडावा लागतो. तरंगत्या जमिनीचा पायाखालचा आवाज थोडा पोकळ येतो, हे मान्य आहे. तिच्यावर भिंतीत पक्की केलेली जड कपाटे उभारू नयेत, कारण जमीन एका जागी खिळली की तिची हालचाल दुसरीकडे फट किंवा उंचवटा होऊन प्रकट होते. खोली ८ ते १० मीटरहून लांब असेल तर मध्ये हालचालीचा सांधा द्यावा लागतो.

काटकोन

तळपट्टी यांच्या चिंतेत तथ्य आहे, पण तिसरा मार्गही आहे. इपॉक्सीचा लेप देऊन त्यावर चिकटवले तर ओलही अडते आणि जमीनही भरीव लागते. खर्च आणि वेळ वाढतो. खोली कायमची आहे आणि जमीन पुढे घासून वापरायची आहे, असा विचार असेल तर मी हा मार्ग घेईन, कारण घासण्याच्या यंत्राखाली चिकटवलेली फळी हलत नाही. काही वर्षांनी बदल करायचा असेल तर तरंगती ठेवावी.

ऊनसावली

मोठ्या खोलीत कोब्याला इपॉक्सीचा लेप देऊन ओकची इंजिनिअर्ड फळी चिकटवायची, वरचा थर ४ मिलिमीटरचा, असे आमचे ठरत आले आहे. फळीवर द्यायच्या लेपाविषयी कोणी सविस्तर लिहील का? आणि पुढे रोज पुसायचे कसे?

सावरी

लेपाचे ढोबळमानाने दोन स्वभाव आहेत. पॉलियुरेथेन लाकडावर पापुद्रा धरते; पाणी आणि डाग ते चांगले अडवते, पण खोल ओरखडा पडला तर तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त करणे अवघड असते आणि सहसा सगळी खोली हलकी घासून पुन्हा हात द्यावा लागतो. द्रावकातले पॉलियुरेथेन पिवळसर छटा देते आणि काळाबरोबर आणखी पिवळे होते. पाण्यातले जवळजवळ रंगहीन राहते. तेल किंवा तेल-मेण लाकडात मुरते. त्याच्यावर पाण्याचे डाग लवकर पडतात आणि ठरावीक काळाने पुन्हा हात द्यावा लागतो, परंतु एका फळीवरचा ओरखडा तेवढाच घासून, तेवढेच तेल लावून मिटवता येतो. कुत्रा आणि मूल असलेल्या घरात ही जागच्या जागी दुरुस्ती मला जास्त मोलाची वाटते. ज्यांना मधूनमधून हात देण्याचे काम नको आहे त्यांनी कारखान्यात लेप दिलेली फळी घ्यावी. तो लेप अतिनील प्रकाशाने पक्का केलेला असतो आणि घरी दिलेल्या लेपापेक्षा सहसा अधिक टिकतो.

तेल वापरणार असाल तर एक सूचना अत्यंत गांभीर्याने घ्या. जवसाच्या किंवा तशाच वाळणाऱ्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता निर्माण होते. बोळ्याच्या आत ती अडकते आणि कोणी काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. त्या घराबाहेर उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवाव्यात. काम संपल्यावर दमलेल्या हातांनी सगळे एका पिशवीत कोंबले जाते, तेव्हाच हे आठवायला हवे.

निगेबद्दल सांगायचे तर जमिनीचे खरे नुकसान बुटांबरोबर येणारी रेती करते, म्हणून दाराबाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी ठेवावीत आणि मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने किंवा कोरड्या सुती पुसण्याने धूळ काढत राहावी. पुसताना फडके इतके पिळलेले असावे की मागे राहिलेली ओल मिनिटभरात उडून जाईल. वाफेचा मॉप लाकडावर वापरू नये. गरम वाफ सांध्यांत शिरते आणि लेप पांढुरका पडतो. व्हिनेगर आणि अमोनिया हळूहळू लेप निस्तेज करतात. पॉलियुरेथेनवर मेणाचे पॉलिश चोपडू नये, कारण पुढे नवा हात द्यायची वेळ आली तर तो धरत नाही. खुर्च्यांच्या पायांना लोकरीच्या नमद्याच्या टिकल्या लावाव्यात आणि त्यांत रेती रुतली की बदलाव्यात. रबराच्या पाठीची सतरंजी टाळावी, काही रबरांतील द्रव्ये लेपावर पिवळा डाग सोडतात.

मोहोर

उन्हाचा मुद्दा राहिला. प्रकाशाने लाकडातील लिग्निन (तंतू बांधून ठेवणारे द्रव्य) बदलते आणि त्याबरोबर रंगही. चेरी गडद होते, अक्रोड फिकट होते, ओक थोडा पिवळा पडतो. पहिल्या वर्षी सतरंज्या आणि हलके सामान अधूनमधून सरकवत राहा, म्हणजे त्यांच्या आकाराचे चौकोन जमिनीवर उमटणार नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला पडदा किंवा अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली तर बदलाचा वेग कमी होतो, पण बदल पूर्ण थांबत नाही.

ऊनसावली

पुढे कधी फळ्यांच्या कडा वर आल्या किंवा फटी पडल्या तर काय करावे, तेही आताच विचारून ठेवते. शिवाय लहान खोलीसाठी एका नातेवाइकांकडून ओकच्या जुन्या फळ्या मिळत आहेत, त्यांपैकी दोन-तीन फळ्यांवर कुंडीखालचे काळे डाग आहेत. त्या घ्याव्यात का?

रंधा

कडा वर आणि मध्य खोल, म्हणजे फळीच्या खालच्या बाजूला वरच्यापेक्षा अधिक ओल आहे. आधी ओल कोठून येते ते शोधून बंद करा, मग फळ्यांना पूर्ण वाळू द्या, त्याला काही महिने लागू शकतात. कडा वर असतानाच घासून सपाट केल्या तर फळी वाळल्यावर त्याच कडा खाली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. मग ते घालवायला आणखी लाकूड खर्ची पडते. कोरड्या ऋतूतील बारीक फटी भरू नयेत. हवा दमट झाली की त्या आपोआप मिटतात, आणि भरल्या असतील तर भरलेला माल बाहेर ढकलला जातो किंवा फळीची कड चेपते.

जुन्या फळ्या जरूर घ्या, मात्र वापरण्याआधी त्यांत लपलेले खिळे चुंबकाने शोधून काढा आणि बारीक भोके व त्यांतून झडणारे पीठ दिसले तर ती फळी बाजूला करा. ओकवरचे काळे डाग बहुधा लोखंड, पाणी आणि लाकडातील टॅनिन (तुरट द्रव्य) यांच्या संयोगाचे असतात, म्हणून ते घासून लवकर जात नाहीत. जुना लेप काढून ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण लावले तर डाग बरेच फिकट होतात. हे आम्ल विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा घाला, मूल आणि कुत्रा यांना खोलीबाहेर ठेवा, नंतर फळी स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसून घ्या आणि पूर्ण वाळल्यावर घासताना नाकातोंडावर योग्य मुखवटा ठेवा, कारण उरलेले कण धुळीबरोबर उडतात. एवढे करूनही डाग राहिला तर त्या फळ्या कपाटाखाली येतील अशा ओळींत बसवा. आणि मोठ्या खोलीच्या नव्या फळ्यांपैकी एक खोके शिल्लक ठेवा. काही वर्षांनी त्याच जाडीची, त्याच खाचेची फळी बाजारात मिळेलच असे नाही.